एक दाणा जास्त

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाची कोठारं रिती होतात. त्या साऱ्या दाण्यांत आणखी एकच दाणा टाकला की आकडा होतो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. हाच आकडा संगणकाला भोवत असे.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात ‘फाइल-मॅक्स’ नावाची मर्यादा असते. साऱ्या यंत्रात मिळून एका वेळी किती फायली उघडता येतील, ते ती ठरवते. तो आकडा मांडायला घरं चौसष्ट, प्रत्येकात शून्य किंवा एक. ‘मर्यादेची कटकटच नको’ म्हणून कोणी वरचा आकडा भरला, तर त्याला पासष्टावं घर लागतं. ते नसतंच. मग डावीकडचा एक मुकाट्याने गळून पडे आणि उरे नुसतं शून्य. शून्य फायली! यंत्र लगेच कोलमडे.

मला नवल वाटलं नाही. बँकेतल्या माझ्या उमेदवारीच्या काळात शाखेत बेरजेचं एक जुनं यंत्र होतं. पैशांसकट आठच आकडे मावत. एका मार्चअखेर खतावणीची बेरीज दहा लाखांनी कमी आली. रात्री अकरापर्यंत आम्ही चूक शोधत होतो आणि खतावणी लिहिणाऱ्या पोरसवदा कारकुनाकडे संशयाने पाहत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी म्हाताऱ्या हेडकॅशिअरनी बेरीज दोन तुकड्यांत करायला लावली. फरक मिटला. चूक यंत्रात जागा नसण्याची होती. त्या मुलाची माफी मात्र कोणी मागितली नाही. मीही नाही.

लिनक्सच्या जाणकारांनी २०१९ साली उपाय केला, तो साधा आहे. फायली मोजणारा आतला गणक जेवढं मोजू शकतो, तेवढीच कमाल मर्यादा ठेवली. ती जुन्या मापाच्या जवळजवळ निम्मी आहे. त्यापुढचा आकडा आता यंत्र स्वीकारतच नाही. चुकीची स्लिप खिडकीतूनच परत करणाऱ्या कॅशिअरसारखं.

आज पेन्शन, रेशन, परीक्षेचे निकाल सारं यंत्रातून येतं. ‘हे मला पेलणार नाही’ असं स्पष्ट सांगणारं यंत्रच भरवशाचं. आणि हिशेब चुकला, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी एवढं विचारावं: आकड्याला घरं पुरली होती ना?