मांडव कुणाकडून घालून घ्यायचा?

स्नेहसंमेलन जवळ आले की मांडवाचा प्रश्न निघतो आणि पाच मिनिटांत निकालात निघतो. बाहेरगावच्या डेकोरेशनवाल्याला फोन जातो, लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रक येतो आणि सायंकाळपर्यंत रंगमंच उभा! काम झटपट होते, हे मान्य. पण त्या पैशातला एक रुपयाही मारेगाव तालुक्यातल्या कारागिराच्या हाती पडत नाही, याचा विचार आपण केव्हा करणार?

हाँगकाँगमध्ये देवतेच्या उत्सवात देवासमोर चिनी संगीत नाटके होतात. त्यासाठी बांबू आणि लाकडी वाशांचे अख्खे नाट्यगृह उभारतात. त्यात खिळा नसतो. सारा भार गाठींवर. उत्सव संपला की गाठी सुटतात आणि तोच बांबू दुसऱ्या गावच्या देवाला जातो. ही बांधणी करणाऱ्याला तेथे परीक्षा देऊन कारागिराचा दाखला मिळतो. आपल्याकडे तेच काम करणारा माणूस हजेरीपटावर नुसता 'मजूर'!

आणि आपल्याकडे काय कमी आहे? विदर्भाच्या जंगलातला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो. वाकेल, पण सहसा मोडणार नाही. मोडण्यापूर्वी करकरून सूचना देतो, लोखंड एवढी माणुसकी दाखवीत नाही. आमच्या भागातले कोलाम आणि बुरूड पिढ्यान् पिढ्या टोपल्या, सुपे, तट्टे विणत आले. अडचण बांबू मिळण्याची होती. १९२७ च्या वन कायद्याने या गवताला चक्क 'झाड' ठरविले. वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने मात्र त्याआधीच, २०११ मध्ये, आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आणला होता.

बांबू पेटतो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगच्या ताय पो येथे परांची बांधलेल्या इमारतींना आग लागून दीडशेहून अधिक माणसे गेली. पण तेथे जाळ्या आणि खिडक्यांवरचा फोमही पेटला होता. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण हरियाणातल्या डबवालीचे आहे. डिसेंबर १९९५ मध्ये शाळेच्या समारंभातच मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत मुले किती! कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगावर पडले आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. सांगाडा लोखंडाचा असता तर ते कापड पेटले नसते काय? तेव्हा सुती कापड, दोन-तीन रुंद वाटा, पाण्याची पिंपे आणि विजेच्या तारा मांडवापासून दूर, हे सांगाडा कशाचाही असला तरी हवेच.

संमेलनाच्या खर्चावर विचार होतो तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधी तेथे असतातच. त्यांनी यंदा निदान रंगमंचाची कमान आणि प्रेक्षकांवरचे छप्पर तालुक्यातल्या कारागिरांकडून बांधून घ्यावे. पैसे रोजंदारीने नव्हे, कारागीर म्हणून ठरवून द्यावेत. काम तीन दिवस आधी सुरू करावे आणि गाठी शिकायला आपल्यातली आठ-दहा मुलेमुली त्यांच्या हाताखाली द्यावीत. माझे नाव मी त्या यादीत आजच घातले आहे.