फेलोशिपच्या रांगेत अडकलेली बौद्ध शिल्पकला

कोल्हापूर म्हटले की अंबाबाई, तालीम आणि तांबडा-पांढरा. याच शहरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपाचे अवशेष सापडले होते आणि त्यातल्या धातुकरंडकावर ब्राह्मी लेख होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? दान देणाऱ्याचे नाव बम्ह, काम करवून घेणारा धम्मगुत्त. पुढे 1945-46 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन शहरच उघडे पडले. तिथली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत, कराडला आगाशिवच्या डोंगरात लेण्यांची अख्खी रांग आहे.

हे सगळे वाचायला, मोजायला आणि त्यावर प्रबंध लिहायला आपल्या समाजातली मुले-मुली आज तयार आहेत. अडते ते पैशापाशी.

शिल्पकलेचा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही. मूर्ती पाहायला जावे लागते, तीही एकदा नव्हे. सकाळच्या तिरप्या उजेडात दिसणारी मुद्रा दुपारी दिसत नाही. लेखाचे ठसे घ्यायला परवानगी लागते, त्या परवानगीसाठी हेलपाटे. सोबत ब्राह्मी, पाली, प्राकृत शिकायचे. कोल्हापूरच्या संशोधकाला सातवाहनकालीन शिल्पांची तुलना करायची तर कर्नाटकात सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीला जाणे भाग आहे. तिथे 1990 च्या दशकातल्या उत्खननात अशोकाचे शिल्प मिळाले, आणि त्यावर ब्राह्मीत त्याचे नावही कोरलेले आहे. तिथून पुढे अमरावती. ज्याच्या घरी आई-वडील मजुरी करतात त्याने हा खर्च कुठून काढायचा?

कागदावर योजना भरपूर आहेत. यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली. पण ती नेट-जेआरएफच्या गुणवत्तेवर मिळते आणि तिच्या जागा मोजक्या. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप 25 ते 40 वयोगटासाठी आहे. दोन वर्षे, महिना 10,000 रुपये. एवढ्यात खोलीभाडे आणि मेस भागली तरी नशीब. शिवाय त्या दोनशे जागांवर नृत्य, नाट्य, संगीत सगळ्यांचाच दावा असतो.

अल्पसंख्याक म्हणून बौद्धांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा आधार होता. 2009 पासून चालत आलेली ही योजना केंद्राने 2022-23 पासून बंद केली. कारण दिले की ती इतर योजनांशी आच्छादते. म्हणजे एका विद्यार्थ्याला दोन दारे होती, त्यातले एक बंद करून सांगायचे की दुसरे आहेच की!

दुसऱ्या दाराची गोष्ट बार्टीची. एका तुकडीतल्या 861 संशोधकांना फेलोशिपसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. 24 डिसेंबर 2023 ला बार्टी, सारथी, महाज्योतीची जी चाळणी परीक्षा झाली, तिच्यात 2019 च्या सेट परीक्षेचा पेपर जसाच्या तसा आला. मग 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा, तिथेही गोंधळ आणि बहिष्कार. त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी सारथीच्या फेलोशिपच्या घटवलेल्या जागांचा प्रश्न विचारला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उत्तर दिले. तो प्रश्न मराठा विद्यार्थ्यांसाठी होता. तरीही आम्हाला तो आपलाच वाटला, कारण रांग एकच आहे.

सर्वांत जास्त खटकणारा निर्णय मात्र फेब्रुवारी 2022 चा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, 125 जागांची. 2022-23 च्या नियमावलीत अट घातली गेली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही. साधने भारतातच आहेत, असे समर्थन होते. अमरावतीची शेकडाभर शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ती कुणी पाहायची? इतरांनी जाऊन अभ्यास करावा आणि आपण त्यांची पुस्तके विकत घ्यावीत? राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा 75, आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट इतकी कडक की कलेतिहासाचा चांगला विभागही त्या यादीबाहेर राहू शकतो.

शाहू महाराजांचे नाव निघाले म्हणून सांगतो. 1920 मध्ये त्यांनी ‘मूकनायक’साठी 2,500 रुपये दिले, बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणालाही हात दिला. त्याआधी 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. पैसे देताना त्यांनी विषयाची अट घातल्याचे आम्ही कुठे वाचलेले नाही.

थोडे आपल्याकडेही पाहू. एखाद्या गावात मूर्तीचा फोटो निघतो आणि तासाभरात ‘ही बुद्धमूर्तीच’ म्हणून शंभर गटांत फिरतो. कधी ते खरे असते, कधी ती तीर्थंकराची मूर्ती निघते. श्रीवत्स आहे का, चीवर कसे आहे, मुद्रा कोणती, हे सांगणारा माणूस आपल्यात नसेल तर खरा दावाही हास्यास्पद ठरतो. न्यायालयात आणि पुरातत्त्व खात्यासमोर फॉरवर्ड चालत नाही.

विषय प्राचीन शिल्पापुरताही नाही. बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 1950 मध्ये महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे बसले, तेही बाबासाहेब हयात असताना. 1967 मध्ये संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. गावोगावच्या निळ्या कोटातल्या पुतळ्यांपर्यंतचा हा प्रवास शिल्पकलेच्या इतिहासात नीट लिहिला जायला हवा. इंदू मिलच्या 350 फुटी पुतळ्याच्या स्मारकाला हजार कोटींहून जास्त खर्च मंजूर आहे. स्मारक व्हायलाच हवे. पण त्यातल्या एका कोटीच्या व्याजावर आठ-दहा संशोधकांचा प्रवास आणि छायाचित्रणाचा खर्च दरवर्षी निघेल.

बार्टीकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे: फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून वेळेवर द्या, आणि पुरातत्त्व, लेणी, शिल्प यांसाठी क्षेत्रभेटीचे वेगळे अनुदान सुरू करा. आणि मंडळांना विनंती, येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेच्या एका तासाचे पैसे बाजूला काढून जवळच्या विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाला विचारा, पुढच्या लेणीला जायचे भाडे किती लागते.