सायलेन्सर, स्प्रिंग आणि फूटपट्टी

मोटारसायकल विकत घेतली की ती आहे तशीच वापरायची, हे पुष्कळ तरुणांना मान्य नसते. कोणी कारखान्याचा सायलेन्सर उतरवून वेल्डिंगच्या दुकानातून नळी वाकवून घेतो, कोणी सायलेन्सरच्या आतली पुंगळीच काढून टाकतो. कोणी मागचा भाग उंच करून घेतो, तर कोणी स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली बसवतो. अशा गाडीविषयी दोनच मते ऐकू येतात. गाडीवाला म्हणतो, "जोर वाढला!" आणि शेजारी म्हणतात, "कान किटले!" पोलीस या वादात न पडता सायलेन्सर जप्त करतात आणि रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील अशी छायाचित्रे वृत्तपत्रांतून आपण पाहिलेलीच आहेत.

या भांडणात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने पडावे काय? माझ्या मते अवश्य पडावे. प्रयोगशाळेत अनुनाद नळी घेऊन ध्वनीचा वेग अचूक काढणारा विद्यार्थी आपल्या गाडीची नळी मात्र नजरेच्या अंदाजाने कापून घेतो. हूकचा नियम परीक्षेत बिनचूक लिहिणारा स्प्रिंगवर करवत चालवतो. शाळेतील विज्ञान आणि रस्त्यावरील यंत्र यांची आपल्याकडे ओळखच करून दिली जात नाही, हे खरे दुखणे आहे. यंत्र खोलून पाहण्याची हौस ही वाईट गोष्ट नव्हे. देशाला तिची फार गरज आहे. माझा आक्षेप हौसेला नाही, न मोजता केलेल्या बदलाला आहे.

प्रथम धुराच्या नळीकडे पाहू. एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक एंजिन मिनिटाला ६००० फेरे करीत असेल, तर जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडते. दर वेळी सिलिंडरात उरलेला दाब एकदम नळीत सुटतो. मोकळ्या नळीचा आवाज म्हणजे सेकंदाला ५० स्फोटांची ही मालिका होय. सायलेन्सरमध्ये कप्पे, भोके पाडलेल्या नळ्या आणि काही वेळा काचलोकर असते. त्यांत दाबाचे तरंग आपटून मागे फिरतात, एकमेकांना छेद देतात आणि त्यांची काही ऊर्जा उष्णतेत जाते. पुंगळी काढली की ही सर्व व्यवस्था मोडते.

"पण त्यामुळे एंजिन मोकळा श्वास घेते आणि जोर वाढतो," असे गॅरेजमध्ये सांगतात. यात सत्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. नळी म्हणजे केवळ धूर वाहून नेणारे गटार नव्हे. झडप उघडताच निघालेला दाबाचा तरंग नळीच्या उघड्या टोकाशी पोहोचतो आणि तेथून कमी दाबाचा तरंग होऊन परत येतो. झडप बंद होण्याच्या सुमारास तो पोहोचला, तर उरलासुरला धूर ओढून काढतो आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करतो. वेळ चुकली, तर तीच नळी आडवी येते.

आता साधा हिशेब करू. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. तो निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नळीतील वायू ४०० अंशांवर आहे असे धरले, तर वेग सुमारे ५२० मीटर येतो. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे एका फेऱ्यास एक शतांश सेकंद. तरंगाने एक तृतीयांश फेऱ्यात परत यावे अशी आपली इच्छा असेल, तर त्याला ३.३ सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या वेळात तो सुमारे १ मीटर ७३ सेंटिमीटर जातो. हे अंतर जाऊन-येऊन असल्यामुळे नळी सुमारे ८७ सेंटिमीटर हवी. तेच एंजिन ३००० फेऱ्यांवर चालले, तर नळी दुप्पट लांब हवी! खरे एंजिन या हिशेबापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे असते, कारण नळीभर तापमान सारखे नसते. तरी मुद्दा स्पष्ट आहे. एक लांबी एंजिनाच्या एका वेगालाच साथ देते. आपण नळी हवी तेवढी कापू शकतो; ध्वनीचा वेग आपल्या हौसेसाठी बदलत नाही. "आवाज वाढला म्हणजे जोर वाढला" हे अनुमान तर मुळातच खोटे आहे, कारण कान हे जोर मोजण्याचे उपकरण नव्हे.

मग हाताने बनवलेली नळी कधी यशस्वी झालीच नाही काय? झाली, आणि तिचा इतिहास प्रत्येक हौशी मुलाने वाचावा असा आहे. पूर्व जर्मनीतील चोपाउ या गावी एम. झेड. नावाचा मोटारसायकलींचा कारखाना होता. तेथील शर्यत विभागाचे प्रमुख होते वाल्टर काडेन. त्यांच्याजवळ पैसा थोडा आणि साधने तुटपुंजी होती. टू-स्ट्रोक एंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराबरोबर फुकट बाहेर जातो. पत्र्याचा आधी रुंदावत जाणारा आणि मग निमुळता होणारा कक्ष नळीला जोडला, तर पहिल्या शंकूतून परतणारा तरंग धूर ओढतो आणि दुसऱ्या शंकूवर आपटून परतणारा तरंग निसटू पाहणारे मिश्रण सिलिंडरात परत ढकलतो. ही कल्पना काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात पूर्णत्वास नेली. ऑसिलोस्कोप लावून त्यांनी नळीतील दाबाचे तरंग अभ्यासले, आकार बदलले आणि पुन्हा मोजले. १९६१ साली त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती! तुलनेसाठी सांगतो, १९८५ साली आपल्याकडे आलेली आणि अजूनही तरुणांच्या गप्पांत गाजणारी यामाहा आरएक्स १०० ही गाडी सुमारे ९८ घनसेंटिमीटरला ११ अश्वशक्ती देत असे. १९६१ च्या सप्टेंबरात काडेन यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला आणि हे ज्ञान त्याच्याबरोबर जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेले. पुढल्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याने सुझुकीवर ५० घनसेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले.

काडेन यांची नळीही पत्र्याचीच होती आणि आपल्या गल्लीतील वेल्डिंगवाल्याची नळीही पत्र्याचीच असते. फरक त्यांच्या मापात आहे. आणखी एक फरक विसरू नये. काडेन यांची गाडी शर्यतीच्या मार्गावर धावत होती. आपली गाडी रुग्णालयावरून जाते.

रस्त्यावरच्या आवाजाचे मोजमाप डेसिबेलमध्ये करतात. हे मोजमाप फसवे वाटते, म्हणून नीट समजून घ्या. ८० चे ९० डेसिबेल झाले, तर ध्वनीची तीव्रता दहापट होते. १०० झाले, तर शंभरपट. आपल्या देशात २००३ सालापासून लागू झालेल्या मानकांत नव्या मोटारसायकलींसाठी ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५, १७५ पर्यंत ७७ आणि त्यावरील एंजिनांना ८० डेसिबेल अशी मर्यादा ठरवण्यात आली. गाडी धावत असताना साडेसात मीटर अंतरावरून हे मोजमाप घेतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये व शाळांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबेलची मर्यादा आहे. रात्री अकरा वाजता मोकळी नळी तेथून गेली, तर तान्ह्या मुलाला आणि हृदयरोग्याला कोणी विचारले होते काय? प्रयोग करण्याचा हक्क सर्वांना आहे. दुसऱ्याच्या कानावर प्रयोग करण्याचा नाही.

आता यात धुराचीही भर पडली आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत धुराच्या मार्गातच उत्प्रेरक बसवलेला असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर पॅलेडियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम अशा धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन होण्यास त्याची मदत होते. घरगुती नळी बसवताना हा उत्प्रेरक बहुधा भंगारात जातो. म्हणूनच आवाज व धूर यांची मानके मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे झाले नळीचे. स्प्रिंगची गोष्ट निराळी आहे आणि अधिक आशादायक आहे. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर खाचांची एक कडी असते. ती फिरवून स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवायचे ते ठरवता येते. हा बदल कारखान्यानेच आपल्या हाती दिलेला आहे आणि गाडीच्या पुस्तिकेत त्याची माहितीही असते. तरीही कडी फिरवली की "स्प्रिंग कडक झाली" असे सारेजण म्हणतात. हे खरे आहे काय? फूटपट्टीला विचारू.

घरातील मोठे माणूस गाडीवर बसलेले असताना मागच्या चाकाच्या आसापासून सीटच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजा. मग मागच्या बाजूस ५० किलोग्रॅम वजनाचा मित्र बसवा आणि पुन्हा मोजा. समजा, अंतर २.५ सेंटिमीटरने घटले. मित्राचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. ते ४९० न्यूटन धरले, तर चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मीटरला सुमारे १९,६०० न्यूटन येतो. आता कडी दोन खाचा पुढे न्या आणि सारे पुन्हा करा. गाडी उंच झालेली दिसेल, पण मित्र बसल्यावर ती पुन्हा जवळजवळ तेवढीच दबेल! काही स्प्रिंगांची वेटोळी दोन अंतरांनी गुंडाळलेली असतात, तेथे थोडा फरक येईल. घर्षणामुळेही माप हलते, म्हणून प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढा. निष्कर्ष असा, की कडीने उंची बदलते. स्प्रिंगचा ताठरपणा नव्हे. ओझे वाढल्यावर खाली बसलेली गाडी पूर्वीच्या उंचीवर आणणे, एवढेच तिचे काम आहे.

स्प्रिंग कापण्याची बाब याच्या उलट आहे. वेटोळ्यांची संख्या घटली की ताठरपणा त्या प्रमाणात वाढतो. २० वेटोळ्यांची १५ केली, तर तो चार तृतीयांश पट होतो. आतील तेलाचा दांडा मात्र जुन्या स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. तो या नव्या स्प्रिंगची उसळी वेळेवर शमवू शकत नाही. खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते. टायर आणि रस्ता यांतील घर्षण त्यांच्यामधील दाबावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. चाक हवेत असेल, तर दाब शून्य, घर्षण शून्य आणि ब्रेकही शून्य. गाडी दिसायला झोकदार होते, पण वळणावर तिचा भरवसा उरत नाही.

म्हणून माझे सांगणे दोघांना आहे. शिक्षकांनी "गाडीचा नाद सोड" असे सांगून थांबू नये. हूकच्या नियमाच्या तासाला शाळेच्या आवारात एखादी मोटारसायकल उभी करावी आणि वरील प्रयोग करून घ्यावा. मोबाइलमधील डेसिबेल मापक अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. मोकळ्या मैदानात आवाजाच्या लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने घटतो, हे त्यावर दाखवता येते. निरनिराळ्या लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर फुंकर घालून लांबी आणि स्वर यांचे नातेही शिकवता येते. याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना परवान्याच्या वयाला अजून अवकाश आहे. ही वर्षे मोजमाप शिकण्यात घालवा. पुढे अभियांत्रिकीला गेलात, तर 'बाहा' सारख्या स्पर्धांत विद्यार्थी स्वतः गाडी बनवून, तपासणी पार करून ती बंदिस्त मार्गावर पळवतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. तेथे गाड्यांचे आवाज, धूर आणि धक्के मोजणे हाच अनेकांचा व्यवसाय आहे. तुमच्या हौसेला अशी मानाची जागा आहे. रोलरखाली पत्रा चेपला जातो, त्याला इलाज नाही. पण त्याबरोबर मुलांचे कुतूहल चेपले जाऊ नये, आणि ते वाचवण्याचा मार्ग फूटपट्टीपासून सुरू होतो.