आधी दिवा मालव, मग दार उघड

रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून बाबांनी दारावरच्या घंटीला एक दिवा जोडला होता. कुणी बटण दाबलं की माजघरात दिवा लागायचा आणि आजी खटका दाबेपर्यंत तसाच राहायचा. परवा तोच दिवा भाच्याच्या कामी आला.

भाचा कलाभवनात शेवटच्या वर्षाला आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेलं, दादासाहेब फाळके जिथे शिकले, तेच कलाभवन. प्रोजेक्टसाठी त्यानं साटा डिस्कचा ड्रायव्हर स्वतः लिहिला. पण तासा-दोन तासांनी कॉपी मध्येच अडकायची. मंगळवारी प्रोजेक्ट दाखवायचा होता. तो म्हणाला, "मामा, डिस्कच खराब आहे. नवी आणू या का?"

म्हटलं, थांब. आधी कंट्रोलर काय सांगतो ते बघू.

कंट्रोलर चिपमध्ये दोन प्रकारचे बिट असतात. स्टेटसचे बिट म्हणजे खिडकीतून बाहेर डोकावणं: आत्ता काय चाललंय ते कळतं. डिस्क कामात असेल तर बिट ७ हा १ असतो, काम झालं की आपोआप ०. बिट ० लागला तर चूक झाली. इंटरप्टचे बिट म्हणजे आजीचा दिवा: काहीतरी घडून गेलं याची आठवण. तो आपोआप विझत नाही. त्या जागी १ लिहिला तरच विझतो, ० लिहिला तर जसाच्या तसा राहतो. उलटं वाटतं, पण त्यामुळे एक दिवा मालवताना शेजारचा चुकून विझत नाही.

भाचा काय करत होता? आधी कुठल्या कमांड पूर्ण झाल्या ते बघायचा, आणि शेवटी सगळ्या ३२ बिटांवर १ लिहून मोकळा व्हायचा. या दोन्हींच्या मधल्या क्षणात आणखी एक कमांड पूर्ण झाली, तर तिचाही दिवा पुसला जायचा. डिस्कनं काम केलेलं असायचं, ड्रायव्हर मात्र वाट बघत बसायचा.

म्हणजे आजीनं दार उघडून पाहुण्याला आत घेतलं आणि मग खटका दाबला. तेवढ्यात दुसऱ्यानं घंटी वाजवली असेल, तर तो बाहेरच उभा!

"मग आधी दिवा मालवायचा?" भाच्यानंच विचारलं. बरोबर. रजिस्टर वाचायचं, जे बिट लागलेले दिसले तेवढेच परत लिहून मालवायचे, आणि मग कमांड तपासायच्या. नंतर कुणी आलं तर दिवा पुन्हा लागेलच.

दोन ओळींची अदलाबदल केली. रात्रभर कॉपी चालली, एकदाही अडकली नाही. नव्या डिस्कचे पैसे वाचले, आणि मंगळवारी भाचा निर्धास्त गेला.

मुलांनो, यंत्र अडकलं की आधी त्यालाच दोष देऊ नका. आपण त्याचा निरोप वाचायच्या आधीच पुसत नाही ना, ते बघा.