नोकरी सुटली, बापपण सुटते काय?

(द्वितीय वर्ष, कला)

पती-पत्नीचे पटले नाही तर ती दोघे विभक्त होऊ शकतात. कायद्याने तशी वाट ठेवली आहे आणि समाजही आता पूर्वीइतके नाक मुरडत नाही. परंतु आईबाप विभक्त झाले म्हणून मुलाची भूक विभागली जात नाही. त्याला दोन वेळचे जेवण लागते, जून महिन्यात वह्या-पुस्तके लागतात, एस.टी.चा पास लागतो. या गरजांसाठी बापाने द्यायच्या रकमेला आपण पोटगी म्हणतो. दुर्दैवाने पोटगी म्हटले की लोकांना ती बाईने नवऱ्याकडून उकळलेली रक्कम वाटते. ती मुलाच्या हक्काची आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ प्रसिद्धच आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. मूळ कलमात दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती; २००१ साली ती उठली. म्हणजे किती द्यायचे हे आता बापाची ऐपत व मुलाची गरज पाहून न्यायालय ठरवते. खरी गोम आहे ती या ‘ऐपत’ शब्दात.

बाप नोकरीत असेल तर ऐपत कागदावर दिसते. पगाराची चिठ्ठी असते आणि वेळ पडली तर न्यायालयाच्या हुकमाने पगारातून रक्कम कापूनही घेता येते. पण तोच मनुष्य नोकरी सोडून स्वतःचा धंदा करू लागला, की सारे चित्र पालटते. दुकान, गॅरेज, टेम्पो, ठेकेदारी, काहीही असो. मालकही तोच आणि हिशेब लिहिणाराही तोच. व्यवहार रोखीचा, आणि उरले किती हे सांगणाराही तोच!

आमच्याच घरचे सांगते. माझे वडील कारखान्यात होते तोवर न्यायालयाने ठरवून दिलेले ४,००० रुपये महिन्याच्या महिन्याला येत. पुढे त्यांनी नोकरी सोडून टेम्पो घेतला. रक्कम आधी निम्मी झाली, मग सणावारी येऊ लागली, आणि शेवटी ‘धंद्यात काही उरत नाही’ एवढा निरोप तेवढा येत राहिला. टेम्पोचा हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. हप्ता थकला तर गाडी ओढून नेतात, हे त्यांना ठाऊक होते. माझ्या भावाच्या फीचा हप्ता थकला तर त्यांच्या दारात कोणी येणार नव्हते. ती फी आईने शिलाईच्या पैशांतून भरली.

उत्पन्न दडवायला फार मोठी हुशारी लागते असेही नाही. आयकराच्या नियमांत छोट्या मालवाहतूकदारासाठी एक सोय आहे. हिशेबाच्या वह्या न ठेवता, बारा टनांपर्यंतच्या प्रत्येक गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरून त्याला कर भरता येतो. सोय चांगली आहे, पण ती कर आकारण्यापुरती. एका टेम्पोचे वर्षाचे ९०,००० रुपये हेच माझे सारे उत्पन्न, असे म्हणून कोणी तोच कागद न्यायालयापुढे ठेवला, तर त्यातून मुलाच्या वाट्याला काय येणार?

सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट ओळखली आहे. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. २०२२ साली अंजू गर्ग खटल्यात पतीने आपला छोटा व्यवसाय बंद पडल्याचे कारण सांगितले. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. थकबाकीपायी तुरुंगात गेल्याने ती फिटत नाही, हे तर १९८८ च्या कुलदीप कौर खटल्यातच ठरले आहे.

यावर कोणी म्हणेल, धंदा खरोखरच बुडत नाही काय? बुडतो. नोकरी सोडून धंदा करणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या मराठी तरुणांना तर सारे हाच उपदेश करतात. पण अशा बापासाठीही कायद्याने दार उघडे ठेवले आहे. परिस्थिती पालटली तर कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते. त्याने कागदपत्रे घेऊन न्यायालयात यावे, तोटा दाखवावा. आपल्याच मनाने न्यायाधीश होऊन रक्कम बंद करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

माझे म्हणणे एवढेच, की धंदेवाल्या बापाचे उत्पन्न त्याच्या तोंडून वा विवरणपत्रातून न मोजता त्याच्या खर्चावरून मोजावे. तो हप्ता किती भरतो, भाडे किती देतो, डिझेलला किती घालतो? गाडीसाठी कर्ज मागताना अर्जात त्याने आपले उत्पन्न किती लिहिले होते? कर्ज देणाऱ्यापुढे सधन आणि मुलापुढे निर्धन, अशी दोन सोंगे एका माणसाला घेता येऊ नयेत. शिवाय सरकारनेही पुढे यावे. जर्मनीत बापाने पोटगी थकवली तर मुलाला सरकार आगाऊ रक्कम देते आणि मागाहून बापाकडून वसूल करते. आपल्याकडे ही वसुली त्या एकट्या बाईच्या गळ्यात पडते. एक दिवसाची तारीख म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडते. त्यातही थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागितली नाही, तर वसुलीचे वॉरंट निघत नाही. ही एक वर्षाची अट आमच्या आईला वेळेवर कोणीच सांगितली नाही.

येथेच आपल्या महाविद्यालयाचे काम सुरू होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एक संध्याकाळ गावातल्या बायकांना हे समजावून सांगण्यात घालवली तर काय बिघडेल? आपल्या वर्गातही फीच्या रांगेत शेवटच्या तारखेपर्यंत न दिसणारी मुले आहेत. ती आळशी आहेत असे समजण्यापूर्वी, कोणाचा तरी ‘धंदा चालत नाही’ म्हणून ती थांबली असतील काय, एवढा विचार प्राध्यापकांनी आणि आपण सर्वांनी अवश्य करावा.