जप्तीनंतरचा प्रश्न

धनिकाची मालमत्ता सरकारजमा झाली की ती जनतेची होते, हा समज किती भाबडा आहे हे फ्रान्समधील बोर्दो परिसरातील ‘शातो लाफीत’ या द्राक्षमळ्याचा इतिहास सांगतो. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, या मळ्याचा धनी निकोला पिएर द पिशार याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. मळा राष्ट्राचा झाला. परंतु १७९७ साली राष्ट्राने तो जाहीर विक्रीस काढला आणि तो हॉलंडमधील धनिकांकडे गेला. मळ्यात राबणाऱ्यांचा त्यात वाटा नव्हता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून मद्यांची प्रतवारी लावली, तीत लाफीत पहिल्या श्रेणीत आले. १८६८ साली जेम्स द रॉथशिल्ड या बँकरने ते ४४ लक्ष फ्रँकांस घेतले.

या मद्याचे मोल कशात आहे? हिवाळ्यात एकेक वेल छाटायची, शरदात घड हाताने खुडायचे, सालींसह रस आंबवायचा आणि पुढे सुमारे दीड वर्ष तो ओकच्या पिंपांत मुरवायचा. यातील श्रम मजुराचे असतात. प्रतीक्षा मात्र भांडवलाची. ज्याला थांबणे परवडते, नफा त्याचाच होतो. १९८२ साली मित्तराँ यांच्या समाजवादी सरकारने रॉथशिल्ड बँकेचे राष्ट्रीयीकरण केले. मळा मात्र आजही त्याच घराण्याकडे आहे.

याच फ्रान्समध्ये दुसराही मार्ग चोखाळला गेला. भाव कोसळल्याने गांजलेल्या लांगदॉक प्रांतातील मारोसाँ गावच्या लहान द्राक्षउत्पादकांनी १९०१ साली सहकारी संस्था काढली आणि १९०५ साली सामाईक तळघर बांधले. जमीन ज्याची त्याचीच राहिली; पण साठवण आणि विक्री सर्वांची झाली. व्यापाऱ्याला वगळून त्यांचे मद्य थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-संस्थांकडे जाऊ लागले. त्याच वर्षी समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी मारोसाँला भेट देऊन या प्रयोगाचा गौरव केला.

लाफीतला क्रांतीने धनी बदलून दिला, धनीपण नष्ट केले नाही. मारोसाँच्या शेतकऱ्यांनी एकही शिर न उडवता, थांबण्याची शक्ती श्रमिकांच्या हाती आणली. राष्ट्रीयीकरणाची मागणी आपण अवश्य करावी. मात्र जप्तीच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्या कोणाच्या हाती जाणार, याचे उत्तर मागणीच्या आधीच तयार ठेवावे.