एक नळ, अनेक घागरी

लातूरच्या माणसास पाण्याची वांटणी शिकवावयास नको. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत शहराचे नळ कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवतीं जमावबंदी पुकारावी लागली आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून निघालेली पहिली 'जलदूत' गाडी दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनांत आली. त्या दिवसांत घरोघरीं जें शास्त्र नकळत तयार झालें, तें कोणी लिहून ठेवलें नाहीं. पिण्याची घागर निराळी, वापरण्याची निराळी. धुण्याचें पाणी झाडांना. पाहुणा आला तर पेला पुढें करावयाचा, पण अर्धा भरून. घरांत जें भांडण होई तें पाणी कमी म्हणून क्वचितच. कोणीतरी न विचारतां उपसलें, म्हणून होई.

आज त्याच घरांतून दुसऱ्या एका पाण्याची ओढाताण सुरू आहे. तें पाणी म्हणजे मोबाइलवरून येणारें इंटरनेट. तारेची जोडणी जेथें पोंचली नाहीं अथवा परवडत नाहीं, तेथें एका सिमकार्डावर सर्व घराचे संगणक चालतात. दिवसाला दीड किंवा दोन जीबी हा पुष्कळ योजनांतला रतीब. तो संपला कीं वेग बहुधा सेकंदाला ६४ किलोबिटांवर येतो. ह्या वेगानें एक जीबी मजकूर उतरवावयास चौतीस तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणजे नळ बंद नाहीं, थेंब थेंब गळतो आहे, एवढाच काय तो दिलासा! हा रतीब अनेकांनीं कसा वांटून घ्यावा हा प्रश्न यंत्राचा कमी आणि घराचा अधिक आहे, असें माझें मत झालें आहे. तें कां झालें, हें सांगण्यासाठीं एका परिचित घरची हकीकत देतों.

घर लातुरांतलें, जुनें, दगडमातीच्या जाड भिंतींचें. माणसें नऊ. दादांच्या, म्हणजे घरांतील वडील पुरुषाच्या, मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू करावयाचें आणि त्यावर तीन लॅपटॉप चालवावयाचे, अशी व्यवस्था. दादा पूजा आटोपून भाजी आणावयास निघाले कीं सर्व घराचें इंटरनेट त्यांच्या खिशांत बसून गंजगोलाईकडे चालूं लागे! कोठीची किल्ली कमरेला लावून यजमान गांवाला जावा, त्यांतलाच हा प्रकार. मुलें हंसत, आणि दादा परत येईपर्यंत वाट पाहत.

परंतु एका व्यक्तीस हंसून चालण्यासारखें नव्हतें. धाकट्या सूनबाईनें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत पीएच्.डी.साठीं नांव नोंदविलें होतें. मार्गदर्शक नांदेडला, ही लातुरांत. चर्चा व्हावयाची ती पडद्यावरून. ती बहुधा अर्ध्यावर तुटे, कारण दुपारपर्यंत रतीब आटोपलेला असे. गैर असें कोणी कांहींच करीत नव्हतें. नातवंडांची शिकवणी होती, थोरल्या दिरांचे हिशेब होते, सासूबाईंचें कीर्तन होतें. सूनबाईनें तक्रार केली नाहीं. नवा रतीब रात्रीं बाराला सुरू होतो, एवढें तिनें हेरलें आणि ती साडेबारापासून तीनपर्यंत वाचन-लेखन करूं लागली. सकाळीं साडेपांचला ओट्यापाशीं पुन्हां हजर!

हें महिनाभर चाललें. एके रात्रीं सासूबाई पाणी पिण्यास उठल्या, तों सुनेच्या खोलींत उजेड. कारण कळल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "दुष्काळांत टँकर रात्रीं येई तेव्हां मी उठत असें. आतां तूं उठतेस. ह्या घरांत कांहीं कमी पडलें कीं बाईचीच झोप कां कमी व्हावी?" दुसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर त्यांनीं तोच प्रश्न सर्वांसमोर दादांना विचारला. दादांपाशीं उत्तर नव्हतें. परंतु त्यांनीं मोबाइल पुढें ठेवला, हें महत्त्वाचें.

मग हिशेब झाला. कोणत्या यंत्रानें किती डेटा उपसला, हें त्या त्या मोबाइलांत व लॅपटॉपांत पाहावयास मिळतें. मोठा उपसा कोणाच्याच कामाचा नव्हता! थोरल्या दिरांचा लॅपटॉप सकाळीं उघडला कीं आपल्या सुधारणा आपणच उतरवून घेई, आणि दोन मोबाइल घरांतले सगळे फोटो दूरच्या साठवणींत पाठवीत बसत. नळाची चकती झिजलेली होती, आणि आपण एकमेकांच्या घागरीकडे पाहत होतों, असें थोरले दीर मागाहून म्हणाले.

आतां थोडें यंत्राविषयीं. एका जोडणीवर अनेक संगणक चालतात तरी कसे? इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारें ४२९ कोटी. ते पुरावयाचे नाहींत हें जाणत्यांनीं लौकरच ओळखलें, आणि १९९४ सालीं एक युक्ति मांडण्यांत आली. ती आपल्या वाड्यासारखी आहे. वाड्याचा टपालाचा पत्ता एकच. आंत बिऱ्हाडें अनेक. बाहेर जाणारें प्रत्येक पत्र दारावरचा कारभारी वाड्याच्या पत्त्यानें धाडतो, आणि कोणत्या बिऱ्हाडानें कोठें लिहिलें ह्याची नोंद वहींत ठेवतो. उत्तर आलें कीं वही पाहून ज्याचें त्यास पोंचवितो. हा कारभारी म्हणजे राउटर. हॉटस्पॉट सुरू केलें कीं मोबाइलच राउटर होतो. वाड्याच्या आंतील पत्त्यांसाठीं १९२.१६८ ने आरंभ होणारे व आणखी कांहीं आंकडे १९९६ च्या नियमानें राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या घरांतला आंकडा शेजारच्या घरांतहि सांपडेल, आणि तरीहि घोटाळा होणार नाहीं. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ च्या फेब्रुवारींत वांटून संपला. नव्या पद्धतीचे पत्ते आतां पुष्कळ ठिकाणीं मिळतात.

व्यवस्थेचे प्रकार तीन. एकच संगणक जोडावयाचा असेल तर मोबाइल यूएसबी केबलनें जोडावा. जोडणी स्थिर राहते व मोबाइल उतरत नाहीं. त्या संगणकावरून इतरांस वांटा देण्याची सोयहि विंडोजमध्यें १९९९ पासून आहे. मात्र तो संगणक बंद झाला कीं सर्वांचेंच बंद. दुसरा प्रकार हॉटस्पॉटचा. तो सोपा, पण मोबाइल तापतो, बॅटरी लौकर संपते, आणि यजमान बाहेर पडले कीं काय होतें तें वर सांगितलेंच. तिसरा, आणि मोठ्या कुटुंबास खरा सोयीचा, म्हणजे सिमकार्ड घालावयाचा स्वतंत्र राउटर. तो माडीवरच्या खिडकीशीं, जेथें कंपनीचा सिग्नल चांगला येतो तेथें ठेवावा. आपलें सिमकार्ड राउटरमध्यें चालेल काय, हें योजना घेतांनाच विचारून घ्यावें. वायफायच्या दोन लहरींपैकीं २.४ गिगाहर्ट्झची भिंतींतून अधिक दूर जाते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीशीं लौकर थकते. मराठवाड्यांतील जुन्या घरांस पहिलीच अधिक उपयोगी पडेल.

काटकसरीचे उपायहि साधेच. ही जोडणी मोजून मिळणारी आहे, असें प्रत्येक लॅपटॉपच्या वायफायच्या सेटिंगांत नोंदवून ठेवावें. म्हणजे मोठ्या सुधारणा तो बहुतांशीं थांबवून धरतो. त्या कायमच्या थांबवूं मात्र नयेत, कारण संगणकाची सुरक्षितता त्यांवर अवलंबून असते. रविवारीं पहांटेसारखी एखादी वेळ त्यांस द्यावी. उच्च दर्जाचें चित्र तासाला दीड ते तीन जीबी खातें. दर्जा एक-दोन पायऱ्या खालीं आणल्यास कीर्तन तितकेंच ऐकूं येतें. चर्चेंत चेहरा दिसण्याची गरज नसेल तेव्हां कॅमेरा बंद ठेवावा. केवळ आवाजास डेटा फारच थोडा लागतो. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा, आणि तो गल्लीभर पसरूं देऊं नये.

ह्या शेवटच्या सूचनेंत केवळ काटकसर नाहीं. सिमकार्ड एकाच्या नांवावर असतें, आणि वाड्याबाहेरील जगास आंत कोणी काय लिहिलें हें निराळें दिसेलच असें नाहीं. दिसतो तो बहुधा घराचा पत्ता. म्हणून मुलांना धाकापेक्षां हेंच समजावून द्यावें कीं, आपण जें करूं तें घराच्या नांवानें बाहेर जातें.

'तळें राखील तो पाणी चाखील' असें आपण म्हणतों, आणि ज्याच्या हातीं मोबाइल त्याचें काम आधीं, असा त्याचा अर्थ सहज होऊन बसतो. परंतु कुटुंबांत ज्याचा आवाज लहान त्याच्या कामाची वेळ प्रथम ठरवावी, आणि मग उरलेलें इतरांनीं वांटून घ्यावें, हा न्याय अधिक बरा. तोंड उघडून मागणारा आपला वांटा मिळवतोच. न मागणारा रात्रीं जागतो, आणि आपणांस तें कळतहि नाहीं.

त्या घरांत आतां राउटर आला आहे. खिडकीखालीं एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सासूबाईंच्या अक्षरांत पहिली ओळ अशी: 'मंगळवार व शुक्रवार, अकरा ते साडेबारा, सूनबाई. बाकीच्यांनीं यंत्रें मिटावीं.' त्या वेळीं त्यांचें स्वतःचें कीर्तनहि बंद असतें.